सासनकाठी आणि रेंजचा टॉवर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मागच्या वर्षीची गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते. अर्ज संगणकावर भरायचा, आणि भरताना आधारकार्डाला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येणार. तो दहा मिनिटांच्या आत टाकायचा. मी शाळेत असताना माझ्या आधारला आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर जोडलेला होता. मी इथे कॉलेजच्या गावी आणि आण्णा पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत. वाडीत मोबाईलला रेंज नाही. रेंज आहे ती वर, देवळाच्या खिंडीत. खालून चढायला पाऊण तास लागतो.

मुक्कामाच्या एस.टी.च्या कंडक्टरकाकांजवळ निरोप धाडला की उद्या सकाळी अकरा वाजता आण्णांनी फोन घेऊन खिंडीत थांबावे. पहिल्या दिवशी संगणकच अडकला. ओटीपी पोहोचला तो मुदत उलटून गेल्यावर. दुसऱ्या दिवशी पाऊस आणि धुके, खिंडीतलीही रेंज गेली. तिसऱ्या दिवशी ओटीपी वेळेवर आला. आण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मराठी आकडे त्यांना तोंडपाठ, परंतु ओटीपी येतो इंग्रजी आकड्यांत. आधी संदेश वाचायचा, मग मला फोन करून सांगायचा. पाच आकडे निघाले, एकावर गाडी अडली. सहा की नऊ? मी विचारले, “आण्णा, गाठ वर आहे का खाली?” आण्णांनी फोन ठेवला, पुन्हा संदेश पाहिला, पुन्हा फोन लावला. पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, “गाठ खाली हाय बघ, शेपूट वर गेलंया.” मी सहा टाकला आणि अर्ज गेला.

अर्ज गेल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला मात्र राग आला. त्या रागाचे काय करावे हे कळेना, तेव्हा मी वाचू लागलो, चार जाणत्यांना विचारू लागलो. त्यातून जे मत बनले ते इथे मांडत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडाच्या टॉवरवर काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देईन.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा प्रश्न माझ्या एकट्याच्या शिष्यवृत्तीचा नाही. आमच्या वाडीचा रेशन दुकानदार महिन्यातून काही दिवस अंगठ्याचे यंत्र घेऊन खिंडीत बसतो. सत्तरीच्या म्हाताऱ्या तिथवर चढून जातात, अंगठा देतात, खाली येतात आणि मग धान्य घेतात. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरील हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरून लावणे सक्तीचे झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, पण तिला बोलावण्यासाठी आधी कोणीतरी डोंगर चढावा लागतो. पूर्वी फोन नसणे म्हणजे एक सोय नसणे एवढेच होते. आता सरकारने एकेक काम फोनवर नेऊन ठेवले आहे. तेव्हा जिथे रेंज नाही तिथल्या माणसाचा हक्क कागदावर राहतो आणि तो वापरायला त्याला डोंगर चढावा लागतो.

टॉवरसाठी आमच्या गावाने अर्ज केला नाही असे नाही. एका कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “घरे किती?” सर्व वाड्या धरून दीडशेच्या आत. त्याने हिशोब सांगितला: चाळीस मीटरचा टॉवर, त्याचा काँक्रीटचा पाया, टनावारी पोलाद, ते वर न्यायला ट्रक, ट्रकला रस्ता, वर वीज, विजेला जनरेटर, जनरेटरला डिझेल. दीडशे घरांच्या रिचार्जमधून हे निघायचे नाही. गावातल्या लोकांना त्याचा राग आला. मलाही आला. परंतु पुढे विचार करता वाटले की त्याचे गणित खोटे नव्हते. प्रश्न असा आहे की ते गणित ज्या टॉवरचे होते, तोच टॉवर आम्हांला पाहिजे आहे का?

आपण रस्त्याच्या कडेला जे टॉवर पाहतो ते बहुतेक स्वतःच्या पायांवर उभे असतात. खाली चार पाय रुंद फाकलेले, वर निमुळते होत गेलेले. वारा वर ढकलतो आणि ती सारी ओढ बुंध्याला सोसावी लागते. उंची दुप्पट केली की बुंध्यावरचा मोड दुपटीने वाढत नाही. तो चौपटीहूनही अधिक वाढतो, कारण वर वाराही जास्त असतो. म्हणून पाय जाड करावे लागतात, पाया खोल घ्यावा लागतो, आणि पैसा तिथे जातो.

दुसरी एक जात आहे. तिच्यात मधला खांब सडपातळ, खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा, बहुधा तिकोनी सांगाड्याचा असतो. त्याला निरनिराळ्या उंचीवर तीन दिशांनी पोलादी तारा बांधून जमिनीत खोल रोवलेल्या नांगरांना ताणून धरतात. वारा कुठूनही आला तरी त्या बाजूची तार ओढून धरते. खांबावर उरतो तो मुख्यतः खाली दाबणारा भार, आणि तो पेलायला लोखंड थोडे पुरते. बेताचा भार असेल तर त्याच उंचीसाठी पोलाद बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी लागते. विजेच्या वळणावरच्या खांबाला वायरमन जो ताण देतो, तोच हा प्रकार. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या केंद्रांवरचे कित्येक उंच खांब असेच ताणावर उभे आहेत.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. एवढी उंच काठी एक माणूस पेलतो आणि चार बाजूंनी चौघे जण दोर ताणून धरतात. काठी पेलणारा घामाघूम होतो, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात, पण काठी सरळ राहते ती दोरवाल्यांमुळे. आण्णांनी कित्येक वर्षे दोर धरला आहे. मी त्यांना ताणाच्या टॉवरचे चित्र दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ही तर काठीच की.”

आता आमच्या डोंगराचा विचार करा. सपाट मुलखात टॉवरची उंची महत्त्वाची, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज आड येते. तरीसुद्धा उंची दुप्पट केली तर नजरेचा पल्ला दीडपटीच्याही आत वाढतो. डोंगराळ मुलखात गोलाई आड येत नाही, आड येतो तो डोंगर. दरीतला साठ मीटरचा टॉवर शेजारच्या दरीला आंधळा असतो. उलट, धारेवरचा वीस-तीस मीटरचा खांब दोन्ही बाजूंच्या वाड्या पाहू शकतो. उंची डोंगराने फुकट दिली आहे. आपण तिथे फक्त काठी रोवायची.

आणि काठी वर न्यायची कशी, याचेही उत्तर तिच्यातच आहे. सडपातळ खांब साधारण तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत येतो. चार माणसे एक तुकडा खांद्यावर घेऊन पायवाटेने चढू शकतात. एकावर एक तुकडा बोल्टांनी जोडत, कप्पी आणि दोर वापरून तो उभा करता येतो. क्रेन लागत नाही. पाया लागतो, पण लहान. ज्या धारेवर ट्रक जात नाही तिथे हा फरक थोडाथोडका नव्हे. टॉवर होणे आणि न होणे एवढा तो फरक आहे.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या मैदानातील खेड्यांत स्वस्त वायफायच्या उपकरणांनी दूरवरचे दुवे जोडून पाहिले. त्यांना आढळले की यंत्रे स्वस्त झाली, महाग राहिला तो टॉवर. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील पंचवीस गावांना बिनतारी मार्गाने इंटरनेट पोहोचवून दाखवले. म्हणजे बिनतारी दुव्यांनी खेडी जोडता येतात, हे सिद्ध झालेले आहे.

सरकारने काही केले नाही असेही म्हणता येणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून खेड्यांसाठी वाटा काढणारा सार्वत्रिक सेवा निधी २००२ साली सुरू झाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. या निधीतून २००७ च्या योजनेखाली देशात सात हजारांहून अधिक सामाईक टॉवर उभे राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने २४,६८० वंचित गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात आणखी ६,२७९ गावांतील जुनी सेवा सुधारायची आहे. ढोबळ भागाकार केला तर गावामागे ८५ लाख रुपये पडतात. यात केवळ टॉवर नाही, यंत्रे आणि पाच वर्षे चालवण्याचा खर्चही आहे. तरीही वाटते की एवढा खर्च करताना लहान वाडीसाठी लहान आकाराचा वेगळा विचार झाला, तर त्याच पैशात आणखी कितीतरी वाड्या बसतील.

अशा वेगळ्या विचाराचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. परदेशी टेलिफोन एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे; खेड्यात ती कुठून आणायची? या संस्थेने उष्णता आणि धूळ सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे लहान एक्सचेंज बनवले. १९८६ साली ते कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. शहराचे यंत्र खेड्याला परवडेपर्यंत वाट पाहावी, असे त्या लोकांना वाटले नाही. खेड्यासाठी यंत्रच निराळे केले पाहिजे, असे त्यांना वाटले. टॉवरच्या बाबतीत आज नेमका हाच विचार हवा आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या भूगोलाच्या सरांपुढे मी हे सारे मांडले तेव्हा त्यांनी एकामागून एक आक्षेप घेतले. त्यांतले काही मला खोडता आले, काही नाही. दोन्ही सांगतो.

पहिला आक्षेप जागेचा. तारांचे नांगर खांबापासून उंचीच्या साधारण साठ ते ऐंशी टक्के अंतरावर रोवतात. चाळीस मीटरच्या खांबाला हे अंतर बत्तीस मीटरपर्यंत जाते, आणि तिन्ही नांगर जोडणारा त्रिकोण सुमारे तेरा गुंठ्यांचा होतो. स्वतःच्या पायांवरच्या टॉवरला कुंपणासह दीड-दोन गुंठे पुरतात. शहरात तेरा गुंठे म्हणजे सोन्याची किंमत. तिथे ताणाचा टॉवर मूर्खपणा ठरेल. पण धारेवरच्या कातळावर काय पिकते? तारांखाली गवत वाढते, गुरेही चरू शकतात. मात्र आमच्या भागात कित्येक धारा वनखात्याच्या आहेत आणि शेजारी अभयारण्य आहे. तिथे परवानगी लागणारच, आणि ती लागावी हेही मला मान्य आहे. म्हणून पंचायतीची किंवा खाजगी पडीक जागा आधी शोधावी.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा. आमच्याच तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, यावरून वाऱ्याची कल्पना यावी. परंतु पवनचक्की उभारण्यापूर्वी वारा मोजण्यासाठी जे उंच सडपातळ खांब उभे करतात, ते बहुधा तारांनीच ताणलेले असतात. तेव्हा वाऱ्याचा हिशोब नीट केला तर अशी काठी तिथे टिकते. भूकंपाचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरी अजून सांगितला जातो. पण हलक्या रचनेला भूकंपाचा हिसका कमी बसतो. तिला भय वाऱ्याचे जास्त.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोठा वाटतो. तो निगेचा आहे. पोलंडमध्ये कॉन्स्टान्टिनूफ येथे १९७४ साली ६४६ मीटर उंचीचा रेडिओचा खांब उभा राहिला. तो त्या काळी जगातील सर्वांत उंच बांधकाम होता आणि ताणाच्या तारांवरच उभा होता. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तारा बदलण्याचे काम चालू असताना तो कोसळला. सतरा वर्षे उभा राहिलेला खांब तारा बदलताना गेला. स्वतःच्या पायांवरच्या टॉवरची एखादी आडवी पट्टी गंजली तरी तो उभा राहतो. इथे एक तार तुटली तर सारा डोलारा खाली येऊ शकतो. आमच्याकडच्या पावसात लोखंड किती लवकर गंजते हे मी जाणतो. तार चोरीला जाऊ शकते, ट्रॅक्टर नांगराला धडकू शकतो. म्हणून जस्ताचा लेप दिलेल्या तारा, नांगरांभोवती कुंपण, आणि ठरलेल्या मुदतीने ताण मोजणे ही या टॉवरची किंमतच आहे. ती न देता केवळ स्वस्त म्हणून तो उभारला, तर उद्या वाडीवर पडेल.

चौथी अडचण भाराची. एक-दोन अँटेना आणि एक डिश एवढाच संसार असेल तर हा टॉवर स्वस्त. चार कंपन्यांची यंत्रे लादायची तर त्यालाही जाड व्हावे लागते आणि बचत घटते. शिवाय खांब पिळवटून डिशची नजर ढळता कामा नये, त्यासाठी जास्तीच्या तारा लागतात. टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांचा धंदा एकाच टॉवरवर अनेक भाडेकरू ठेवण्यावर चालतो, म्हणून त्यांना दणकट टॉवरच आवडतो. धंदा म्हणून हे बरोबरच आहे. पण दीडशे घरांच्या वाडीत चार भाडेकरू कधी येणार आहेत? तिथे एक यंत्र बसवून ते सर्व कंपन्यांच्या ग्राहकांना वापरू द्यावे, आणि तूट सरकारच्या निधीने भरावी.

विजेचा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता आला नाही. ज्या कोयनेवर १,९६० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे, तिच्या खोऱ्यातली वाडी पावसाळ्यात दोन-दोन दिवस अंधारात असते. सौरऊर्जा म्हणावी तर जून ते सप्टेंबर सूर्याचे दर्शन दुर्मीळ. लहान यंत्राला वीज कमी लागते हे खरे, पण बॅटरी आणि थोडे डिझेल यांची सोय ठेवावीच लागेल. टॉवर स्वस्त झाला म्हणून सारे स्वस्त झाले, असे म्हणणे फसवणुकीचे होईल.

तरीसुद्धा माझे मत ठाम आहे. सरकारने आणि कंपन्यांनी ‘टॉवर परवडत नाही’ हे उत्तर देण्यापूर्वी ‘कोणता टॉवर?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. मोठ्या गावाला मोठा टॉवर, धारेवरच्या वाडीला ताणाची काठी. आणि निगेची जबाबदारी जिल्ह्याच्या कचेरीत न ठेवता गावातल्या दोन तरुणांना शिकवून, पगार देऊन, त्यांच्याकडे द्यावी. तार सैल झाली हे ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे त्याला आधी दिसते. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दोर धरणारे आहेत, तिथे दोन माणसे मिळणार नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. हा विषय लोखंडाचा आहे तसाच मोजमापाचाही आहे. “घरे किती?” असे विचारून कंपनीचा माणूस गेला. घरे मोजली गेली, पण खिंडीत चढणारी म्हातारी मोजली गेली नाही, दहा मिनिटांत डोंगरावर आकडे वाचणारा बाप मोजला गेला नाही. काय मोजावे आणि काय सोडावे हे इंजिनियर एकटा ठरवीत नाही. ते समाज ठरवतो. आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आपण कला शाखेतच शिकतो ना?

मित्रहो, आपल्या कॉलेजात डोंगरातून आलेले आपण पुष्कळ जण आहोत. माझी एक साधी सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरात आपण रस्ता झाडण्याबरोबर आणखी एक काम करू. प्रत्येकाने आपापल्या वाडीभोवती फिरून रेंज कुठे येते, कुठे जाते, कोणत्या धारेवरून किती वाड्या दिसतात आणि ती जागा कोणाची आहे, हे नकाशावर नोंदवावे. भूगोलाच्या सरांनी नकाशे देण्याचे कबूल केले आहे. आक्षेप घेणाराच मदतीला येतो असा माझा अनुभव आहे. ते नकाशे जोडून आपापल्या ग्रामसभेत ठराव करून घेऊ. आमच्या वाडीचा ठराव मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार आहे. आण्णा म्हणाले आहेत की ते अनुमोदन देतील.

यंदाचाही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. कंडक्टरकाकांना मी आत्ताच सांगून ठेवले आहे.